केळीचा ट्रक, दुचाकी आणि नव्वद पोरांचा वर्ग

माझा मावसभाऊ शिरपूरकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात तेच शिकवते. रविवारी फोनवर घरच्यांची चौकशी संपली की आमची गाडी वर्गावर येते आणि त्याचं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, तुझं बरं आहे. तुझ्याकडे पंचवीस-तीस पोरं. माझ्याकडे ऐंशी-नव्वद, बाक जमिनीत ठोकलेले, आणि अर्धा वर्ग एसटीच्या वेळेवर येणार-जाणार."

संख्येचं त्याचं म्हणणं खरं आहे. पण इथली पोरं फार वेगळी असतात, हा गैरसमज आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज. रात्रभर गोदामात पाळी करून सकाळच्या तासाला आलेला मुलगा माझ्यासमोर डुलक्या घेतो. रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला शेतात गेलेला यावल-रावेरचा मुलगाही तशाच घेतो. दोघांनाही रागावून उपयोग नसतो. त्यांना हातात काहीतरी काम द्यावं लागतं.

आणि मोठ्या वर्गाचं म्हणाल, तर मी वापरते ती पद्धत मोठ्या वर्गातच घडली. हार्वर्डमधले एरिक मॅझूर फिजिक्सचे लोकप्रिय प्राध्यापक. 1990च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आकडेमोड नसलेले, बलाबद्दलचे साधे प्रश्न दिले. अवघड गणितं सोडवणारी मुलं तिथे अडखळली. एकीने तर विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? तिथून त्यांनी शिकवणंच बदललं. आधी प्रश्न टाकायचा, मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग मत द्यायचं. त्यानंतर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. उत्तर सगळ्यात शेवटी.

भावाला मी हा प्रश्न दिला. सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक समोरून येणाऱ्या दुचाकीला धडकला. धडकेच्या क्षणी कोणी कोणावर जास्त बल लावलं? पर्याय चार: ट्रकने, दुचाकीने, दोघांनी सारखंच, किंवा वेगावर अवलंबून. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेला वर्गही बहुतेक "ट्रकने" म्हणतो. बल सारखंच असतं. वस्तुमान कमी म्हणून दुचाकीचा वेग क्षणात बदलतो आणि चक्काचूर तिचा होतो. हे फळ्यावर सांगितलं की मुलं माना डोलावतात. आधी चुकीच्या पर्यायावर बोट दाखवून, शेजाऱ्याशी भांडून मग ऐकलं की विसरत नाहीत.

मत नोंदवायला रिमोट किंवा ॲप लागत नाही. बोटं पुरतात: एक बोट पहिला पर्याय, दोन बोटं दुसरा. फक्त हात छातीशी धरायचा, उंच करायचा नाही, नाहीतर मागचे बाक पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीचं बघून बोटं बदलतात. नव्वद पोरांवर नजर फिरवायला अर्धं मिनिट लागतं. साधारण निम्म्यांचं बरोबर असेल तर चर्चा रंगते. जवळपास सगळ्यांचं बरोबर असेल तर पुढे जावं. बहुतेकांचं चूक असेल तर पुन्हा समजवावं, कारण दोन न समजलेल्यांनी एकमेकांना काय सांगायचं?

शेजाऱ्याशी बोलताना पोरं अहिराणीत बोलली तर बोलू द्या. ह्याबाबतीत मी हट्टी आहे. "माले समजनं नही" हे वाक्य मित्राला सहज म्हणता येतं, सरांसमोर उभं राहून इंग्रजीत म्हणता येत नाही. माझ्या वर्गात दोन मेक्सिकन मुलं स्पॅनिशमध्ये वाद घालतात, मी कधी अडवत नाही. पारिभाषिक शब्द इंग्रजीत ठेवले म्हणजे झालं.

"समजलं का?" हा प्रश्न मात्र कायमचा सोडा. उत्तर "हो सर" हेच येतं. आणि खरा प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो ह्या संशोधिकेने वर्गातली ही शांतता मोजली होती. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारेही बोलतात. तीन सेकंद उभं राहणं किती अवघड आहे, ते करून बघा.

भावाचा पुढचा आक्षेप सिलॅबसचा. तासात असे दोनच प्रश्न घ्यावेत, जास्त नकोत. लंबीचवडी सिद्धता फळ्यावरच बरी, मीही तशीच शिकवते. नापास होण्याचं प्रमाण बघायचं असेल, तर 2014 मध्ये विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के नापास, मुलांना काम देणाऱ्या वर्गांत सुमारे 22.

मुलं आधी कुरकुरतील, हे धरून चाला. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच दिसलं की अशा वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, डोकं चालवताना अडखळायला होतं. इथे सत्राअखेरीस मुलं शिक्षकांचं मूल्यमापन करतात, म्हणून मी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

सध्या आमचं हजेरीवर चाललंय. नव्वद नावं पुकारण्यात त्याची आठ-दहा मिनिटं जातात. मी सुचवलं, तासाच्या शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव, रोल नंबर आणि आज न समजलेली एक गोष्ट लिहून द्यावी. हजेरीही झाली आणि उद्या कुठून सुरुवात करायची तेही कळलं. पहिल्याच आठवड्यात एकाच अक्षरातल्या चार चिठ्ठ्या आल्या. शंका मात्र चारही वेगळ्या होत्या, आणि भाऊ म्हणतो त्यातल्या दोन चांगल्या होत्या.