मलाक्क्यातले जनेल आणि दोदोल

क्वालालंपूरहून बसने दोनेक तासांत मलाक्क्याला उतरलो तेव्हा मंगळवारची दुपार होती, आणि वार न पाहता प्रवास आखल्याचे फळ लगेचच मिळाले. ज्या जोंकर रस्त्यावरच्या रात्रबाजाराची छायाचित्रे पाहून आम्ही दोघे इथवर आलो होतो, तो शुक्रवार, शनिवार आणि रविवार एवढ्याच रात्री भरतो. मंगळवारी निम्मी दुकाने बंद होती आणि एक मांजर रस्त्याच्या मधोमध आडवे पसरले होते.

मुक्काम एका जुन्या चिनी घरात होता. दर्शनी बाजू अगदी अरुंद, आत मात्र चौकामागे चौक, त्यामुळे वाड्यात आल्यासारखे वाटले. खोली दाखवताना मालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत बजावले, की पाऊस आला तर ‘जंदेला’ लावून घ्या. माझे आजोळ फोंड्याचे, आणि आजी शेवटपर्यंत खिडकीला जनेलच म्हणत असे. पोर्तुगीजांचा एकच शब्द गोव्यात जनेल झाला आणि मलायात जंदेला. कोपऱ्यातल्या कपाटाला त्या ‘आलमारी’ म्हणाल्या, तेव्हा तर मला हसूच आले.

संध्याकाळी डचांचा लाल चौक पाहिला. १७५३ साली पूर्ण झालेले ख्राइस्ट चर्च आणि शेजारची गव्हर्नरची कचेरी या इमारती मुळात पांढऱ्या होत्या. लाल रंग पुढे इंग्रजी अमदानीत चढला. चौकात बाहुल्यांनी मढवलेल्या सायकलरिक्षा कर्कश गाणी लावून उभ्या असतात. मला तो चौक फारसा आवडला नाही, हे सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, मागची सेंट पॉल टेकडी चढलो. पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याचा एकच दरवाजा उरला आहे. गोवा जिंकल्यावर पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, आफोन्सो द आल्बुकेर्कने मलाक्का घेतले आणि हा किल्ला बांधला. १६४१ मध्ये तो डचांकडे गेला आणि त्यांनी दरवाजावर आपल्या कंपनीचे चिन्ह व १६७० हे साल कोरले. पुढे इंग्रजांनी तटबंदी सुरुंगाने उडवली, तीतून हा दरवाजा तेवढा वाचला. तीन सत्तांचा इतिहास चार पावलांत ओलांडून आपण पायऱ्यांना लागतो.

वर छप्पर नसलेले चर्च आहे. भिंतींना टेकवून डचांच्या पुरुषभर उंचीच्या थडगेशिळा ठेवल्या आहेत, आणि आत, जिथे वेदी असावी तिथे, लोखंडी जाळीखाली एक रिकामा खड्डा आहे. फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचे शव १५५३ मध्ये इथे आणून पुरले होते आणि नंतर ते गोव्याला नेले. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमधली ती चांदीची पेटी मी लहानपणी आजीचा हात धरून पाहिलेली. तिच्या आधीची जागा अशी उघडी, वाळकी पाने साचलेली, समोर असेल हे कधी मनात आले नव्हते. बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे. १९५२ साली तो बसवल्यावर लवकरच त्यावर झाड कोसळून उजवा हात तुटला, तो पुन्हा जोडलेला नाही. खुद्द झेवियर यांच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भागही १६१४ मध्ये वेगळा करून रोमला पाठवण्यात आला होता. योगायोगच, पण तिथे उभे असताना अंगावर काटा आला खरा.

उतरल्यावर भूक लागली. एका दुकानाच्या फळीवर काळपट, तुकतुकीत वड्या होत्या आणि पाटीवर लिहिले होते ‘दोदोल’. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ, कढईत हात दुखेपर्यंत ढवळलेला. आमच्याकडे नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून येणारा दोदोल हाच. दुकानदाराने सुरी पाण्यात बुडवून एक तुकडा कापून दिला. चव तीच, फक्त थोडी अधिक धुरकट. मग त्याने उत्साहाने ड्युरियन हे उग्र वासाचे फळ घातलेला प्रकारही पुढे केला आणि भिडेखातर आम्ही दोन्ही विकत घेतले. साधा खोलीवर आणला. ड्युरियनचा मात्र नदीकाठी बसूनच संपवावा लागला, कारण मालकीणबाईंच्या दारावर त्या फळाला मज्जाव असल्याची पाटी होती.