४.४३ चा क्रिस्टल

ज्या घरी जुनं गेम-यंत्र सापडलं होतं, तिथल्या नातवाने फोनवर स्वतःचं नाव सांगायच्या आधी आकडा सांगितला. तीन लाख साठ हजार डॉलर. २०२० मध्ये सोनी आणि निन्टेन्डो या कंपन्यांच्या फिसकटलेल्या भागीदारीतल्या 'प्लेस्टेशन'चा नमुना लिलावात तेवढ्याला गेला, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक फोन याच आकड्यापाशी येऊन थांबतो. माळ्यावर कुणाला नाव नसलेलं खोकं सापडलं की ते 'कधीच बाजारात न आलेलं' असतं. ओळख पटत नाही म्हणजे दुर्मीळच असणार, असं लोक धरूनच चालतात.

मी न्यू जर्सीत राहते. जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं उघडून ती नेमकी काय आहेत हे लेखी देणं हे माझं काम. त्यातही घरच्या टीव्हीला जोडायच्या अगदी सुरुवातीच्या गेम-यंत्रांचं जास्त. म्हणजे १९७२ च्या मॅग्नावॉक्स ओडिसीपासून पुढची सातआठ वर्षं. ओडिसीला आवाज नव्हता, गुण मोजायची सोय नव्हती, मायक्रोप्रोसेसरचा तर प्रश्नच नव्हता. नुसते ट्रान्झिस्टर आणि डायोड. टेनिसचं मैदान हवं असेल तर रंगीत प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. अशा यंत्रांच्या नादी लागलेल्या माणसाला संसारात फार समजून घ्यावं लागतं, असं माझा नवरा म्हणतो.

त्या नातवाचं घर न्यू जर्सीतल्याच प्रिन्स्टनच्या जवळ होतं. त्याचे आजोबा तिथल्या आरसीए या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होते, त्यामुळे फोन मी अगदीच झटकून टाकला नाही. आरसीएने जानेवारी १९७७ मध्ये 'स्टुडिओ टू' हे यंत्र आणलं. जो वाइसबेकर या त्यांच्या इंजिनिअरने घरी बसून कॉम्प्युटर जुळवले होते, त्याच विचारातून १८०२ हा प्रोसेसर आला आणि त्यावर हे यंत्र उभं राहिलं. चित्र काळं-पांढरं, आवाज म्हणजे यंत्राच्याच पोटातल्या स्पीकरची पीप-पीप, आणि खेळायला दांडी नाही, तर अंगावरच बसवलेले दोन कीपॅड. आदल्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीने 'चॅनेल एफ' हे रंगीत यंत्र आणलेलं, १९७७ मध्येच पुढे अटारीचं यंत्र आलं. १९७८ मध्ये आरसीएने गाशा गुंडाळला. 'स्टुडिओ थ्री' या नावाने रंगीत आवृत्ती ठरली होती, ती अमेरिकन दुकानात आलीच नाही. नातवाच्या मते तीच आता त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होती.

यंत्र देखणं होतं. नावाची पट्टी निघालेली, दोन्ही कीपॅड वायरीवर बाहेर निघणारे. नातू माझ्या हाताकडे बघत होता, आजी माझ्या तोंडाकडे. चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि पहिल्यांदा दिसला तो क्रिस्टल, म्हणजे सिग्नलची ठरावीक वारंवारता देणारा भाग. चांदीच्या रंगाची चपटी डबी, नखाएवढी. वर कोरलेलं: ४.४३.

डोंबिवलीत बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं आणि आमच्याकडे हे क्रिस्टल होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेले असायचे. सेटवर माणसांचे रंग गेले की बाबा म्हणायचे, "बाटली दे." मी पाच-सहा वर्षांची असेन. आपल्याकडची रंगीत प्रक्षेपणाची पद्धत पाल, तिचा रंगाचा सिग्नल ४.४३ मेगाहर्ट्झवर बसतो. अमेरिकेची पद्धत वेगळी, तिथे ३.५८. म्हणजे हे यंत्र अमेरिकन टीव्हीसाठी बनलेलंच नव्हतं. त्यावर रंग दिसायचे नाहीतच, चित्रही धड लागलं नसतं.

तरी घाईने बोलायचं नाही, हे अनुभवाने शिकलेय. मोठ्या चिपांवरची धूळ ब्रशने झाडली. एकीवर १८६४. तिथे प्रश्न मिटला. आरसीएने रंगासाठी १८६२ आणि सुरांसाठी १८६३ अशा दोन वेगळ्या चिपा काढल्या होत्या. पाल देशांसाठी मात्र चित्र, रंग, सूर असं सगळं १८६४ या एकाच चिपेत. आरसीएने स्वतः यंत्र विकायचं सोडलं, पण त्याच आराखड्यावरची रंगीत यंत्रं दुसऱ्यांनी दुसऱ्या नावांनी विकली. हॅनिमेक्स, साउंडिक, शीन. जपानात तोशिबाचं व्हिझिकॉम.

"म्हणजे हे अप्रकाशित नाही?" नातू म्हणाला.

"न्यू जर्सीत अप्रकाशित. ऑस्ट्रेलियात लोकांनी दुकानातून पैसे देऊन नेलंय."

त्याचा चेहरा पडला. खरोखरच न आलेली यंत्रं असतात, नाही असं नाही. अटारीचं १९८१ चं 'कॉसमॉस' घ्या. होलोग्रामचं चित्र दाखवणारं यंत्र म्हणून गाजावाजा झाला. प्रत्यक्षात सगळे खेळ यंत्रातच भरलेले, साधे एलईडीचे ठिपके पळायचे, आणि कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ बदलायला यंत्रात खोचायच्या डबीत, असायची फक्त मागच्या देखाव्याची होलोग्रामची फिल्म. आलं नाही तेच बरं झालं, असं माझं आपलं मत. पण त्या मुलाला त्या वेळी हे सांगण्यात अर्थ नव्हता.

मी स्क्रू परत लावत होते तेव्हा आजी उठल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "ह्या पण त्यांच्याच. टाकू का?"

आत काळ्या फोममध्ये खोचलेल्या तीन चिपा. फोम जुना होऊन गुळासारखा चिकट झालेला. असा फोम चिपांचे पाय खातो. तिन्ही २७०८ जातीच्या, म्हणजे एक किलोबाइटच्या ईप्रॉम. पाठीवर काचेची गोल खिडकी असते. त्यातून अतिनील प्रकाश दाखवला की आतलं लिखाण पुसलं जातं आणि चिप पुन्हा वापरता येते. म्हणून लिहून झालं की खिडकीवर कागद चिकटवायचा. दोघींवर कागद होता. तिसरी उघडी, लकलकीत.

"हिचा कागद?"

नातवाने खाली पाहिलं. नंबर दिसावा म्हणून त्याने तो सोलला होता, फोटोसाठी. मग चिप अभ्यासाच्या टेबलावर. टेबल खिडकीशी. किती दिवस? मार्चपासून. आम्ही जूनमध्ये बसलो होतो.

अशी चिप सरळ उन्हात ठेवली तर साधारण आठवड्यात कोरी होते, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षं टिकते. खिडकीच्या काचेने थोडं अडवलं असेल, टेबलावर उन्हाचा पट्टा दिवसाचा तासभरच येत असेल, अशी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. आजींनी न सांगता पडदे ओढले.

गाडीतून माझी पेटी आणली. २७०८ ला आजकालचे रीडर, म्हणजे चिप वाचायची यंत्रं, सहसा हात लावत नाहीत, कारण तिला तीन व्होल्टेज लागतात. उणे पाच आधी द्यायचं, मग पाच आणि बारा. बंद करताना उणे पाच सगळ्यात शेवटी. क्रम चुकला तर चिप जाते. कागद लावलेली पहिली वाचली: यंत्राच्याच मूळ रॉमच्या, म्हणजे कायमच्या लिहिलेल्या प्रोग्रामच्या, एका भागाची नक्कल, माझ्याकडच्या प्रतीशी तंतोतंत जुळली. दुसरी: सगळीकडे एफएफ, म्हणजे कोरी.

तिसरी फोममधून काढताना सातवा पाय माझ्याच हातात आला. मी मराठीत जे बोलले ते त्या दोघांना कळलं नाही हे बरं. सातवा पाय म्हणजे पत्त्याची एक लाइन, चिपेतली कुठली जागा वाचायची ते सांगणारी, ती नसेल तर वाचून उपयोग नाही. मुळाशी तिळाएवढा धातू शिल्लक होता. रेझिस्टरचा कापलेला पाय घेतला, श्वास धरला आणि डाग दिला. टाका बसला.

पहिल्या वाचनात निम्मा मजकूर एफएफ. दुसऱ्यात तिसराच आकडा. पुसट झालेले बिट असेच वागतात, कधी शून्य, कधी एक. अशा वेळी व्होल्टेज जरा उतरवून वाचलं की मरायला टेकलेले शून्य पुन्हा शून्य म्हणून दिसू लागतात. थोडं थोडं उतरवत वीस वेळा वाचलं आणि प्रत्येक बिटासाठी बहुमत घेतलं. तीसेक जागा तरीही डळमळीतच राहिल्या, त्या तशाच नोंदवल्या.

मग एकच्या जागी काळा चौकोन, शून्याच्या जागी मोकळी जागा, असं सगळं स्क्रीनवर उभं मांडलं. या यंत्राचं चित्र ६४ बाय ३२ ठिपक्यांचं, बरोबर २५६ बाइटचं, त्यामुळे आकृत्या असतील तर अशा मांडणीत दिसतातच. वरून खाली जात राहिले. कचरा, कचरा, आकडे शून्य ते नऊ. आणि मग आठ ओळींत एक शिडाची होडी.

प्रसिद्ध झालेल्या कार्ट्रिजांशी ताडून पाहिलं, कशाशीही जुळेना. स्टुडिओ टूमध्ये कार्ट्रिज लागली की ती ०४०० या पत्त्यापासून एक किलोबाइट जागा घेते. चिपही तेवढीच. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामात, तिथे बसवून चालू केलं. वर दोन शून्यं, खाली होडी. ६ दाबलं की होडी उजवीकडे, ४ दाबलं की डावीकडे. उजव्या कडेला पोचली की सगळं गोठायचं. गुण शून्यच. ते मूळचंच अर्धवट होतं की उन्हाने खाल्लेलं, हे त्या चिपेवरून सिद्ध करता येत नाही.

नातू पुन्हा पुन्हा ६ दाबत होता. आजी चष्मा पुसून जवळ आल्या.

"हे मी पाहिलंय. स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर. मला फार कंटाळवाणं वाटलं होतं."

माझ्या वहीत त्या दिवसाची सगळ्यात मोलाची नोंद ही आहे. कुठल्या खोलीत, कुठल्या टीव्हीवर, तेव्हा जेवण आधी व्हायचं की खेळ, हे सगळं मी पुढचा तासभर विचारत बसले आणि त्या सांगत राहिल्या.

अहवालात यंत्रापुढे लिहिलं, 'पाल पद्धतीचं, बाजारात आलेलं, नामपट्टी गहाळ'. चिपेपुढे लिहिलं, 'अनोळखी, अपूर्ण वा खराब, एक पाय नवीन'. किंमतीचा रकाना मोकळा सोडला. आरसीएचे पुष्कळ कागद विल्मिंग्टनच्या हॅग्ली ग्रंथालयात आहेत, तिथे विचारा, असं आजींना सुचवलं.

निघताना चिपेच्या उघड्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावत होते, तेवढ्यात नातू मोबाइल घेऊन आला. एकच फोटो, म्हणाला. आजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.