पुलावरची गाठ

संध्याकाळी सव्वासहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर दोन लोंढे समोरासमोर येतात. एक पनवेल गाडीसाठी नऊ-दहा नंबरकडे निघालेला, दुसरा वाशीकडून येऊन कल्याण फास्ट गाठायला धावणारा. मधे जेमतेम हातभर पट्टा उरतो, तिथं कुणालाच हलता येत नाही. परवा तिथंच माझ्या शर्टाचं बटण गेलं. मागून एक मावशी ओरडल्या, "दादा, सरका की पुढं!" सरकतोय कुठला! मग कुठंतरी काहीतरी सुटलं आणि मी पुढं न जाता आडवा, बाजूच्या जिन्यावर भिरकावला गेलो.

पृथ्वीच्या उंबऱ्यावर असंच घडतं. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सुटलेला विद्युतभारित कणांचा झोत, सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो आणि साधारण ६५ हजार किलोमीटरवर पृथ्वीचं क्षेत्र त्याला अडवतं. सौरवाऱ्याच्या चुंबकीय रेषा दक्षिणेकडं वळलेल्या असल्या, की आपल्या उत्तरेकडं जाणाऱ्या रेषांशी गाठ. मधल्या पातळ थरात दोन्हींकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. (रेषा ही आपली कागदावरची सोय, हे मान्य.) याला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात, शब्द रुक्ष आहे, प्रकार नाही. नव्या रेषेला भलताच बाक असतो. ती गोफणीसारखी सरळ होते आणि कणांना दोन्ही बाजूंना फेकते. चुंबकीय ऊर्जा कणांच्या अंगात शिरते. आयन (विद्युतभारित अणू) जास्त तापतात, इलेक्ट्रॉन कमी.

हे जवळून बघायला नासानं २०१५ साली 'एमएमएस' या मोहिमेची चार यानं सोडली. कधीकधी ती एकमेकांपासून सातेक किलोमीटरवर उडत, म्हणजे ठाणे ते ऐरोली. इलेक्ट्रॉनांची गडबड चालते तो थरच मुळी काही किलोमीटर जाडीचा, लांबून काय दिसणार?

पुलाची उपमा मात्र एका जागी फसते. आम्ही गर्दीनं तापतो. तिथं गर्दीच नाही. पृथ्वीच्या रात्रीकडं सौरवाऱ्यानं मागं ओढलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या शेपटीत घन सेंटीमीटरमागं एक कणही धड भरत नाही, तरी तापमान काही कोटी अंश! तापमान म्हणजे तिथं नुसता कणांचा वेग. हात घातला तर पोळणारही नाही; पोळायला कण हवेत ना.

जिना उतरलो तर फलाटाचं टोक ओस पडलेलं. सुटलेल्या गाडीमागं एकच पोरगा, सॅक छातीशी धरून, सुसाट. हा तिथला कण. घामेजलेला मी त्या हिशेबात कुठंच नाही.

पुढची गाडी मिळाली. ती जिथं संपते त्या पनवेलातच भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. मी नेरूळलाच उतरतो.