कष्ट नक्की कोणाचे कमी झाले?

गावी राहून स्वतःचं पिकवून खायचं म्हटलं की लोक दोनच गोष्टी ऐकवतात, एकतर "कष्टाला पर्याय नाही" नाहीतर "आता स्मार्ट शेती करा". मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण कष्ट कोणाचे आणि कुठले हे कोणी विचारतच नाही. आमच्या कोकणात बघा, बैलांच्या जागी पॉवर टिलर आला, चिखलणी झटपट व्हायला लागली, पुरुषांचं काम हलकं झालं, चांगलंच झालं. पण लावणी? ती अजून बायकाच करतायत, चिखलात पाय रुतलेले, पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि दिवसभर वाकून. मग बेणणी, म्हणजे तण उपटणं, ती पण त्यांचीच. पावसाच्या आधी राब, म्हणजे रोपांची जागा, भाजायला कवळं, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडून डोक्यावरून भारे आणायचे ते वेगळंच. या सगळ्याला कौतुकाने "कष्टाळू" म्हणायचं आणि सोडून द्यायचं, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून मला भात पिकवायची सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, आवडते. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ती बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, राब नाही, लावणी नाही. लोखंडी साचा वाफ्यावर ठेवायचा, पाय देऊन दाबायचा, उचलला की सारख्या अंतरावर भोकं तयार, प्रत्येकात तीन-चार दाणे आणि चिमूटभर खत, वरून माती लोटायची की झालं. बी टाकायला वाकावं लागतंच, पण कोरड्यात, आणि रोपं उपटा, मुठी बांधा, वाहून न्या, परत लावा हा सगळा खटाटोप वाचतो. कापणी जमिनीलगत करायची आणि मुळं आतच ठेवायची, ती कुजली की जमीन भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात. चिखलणीत आपण इतक्या मेहनतीने मातीचा पोत मोडतो आणि मग भात कापल्यावर वाल पेरायला गेलं की ढेकळं फुटत नाहीत, म्हणजे एका कामाने दुसरं काम वाढवून ठेवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र खटकते, यात तणासाठी तणनाशकावर बराच भर आहे. घरच्या खाण्याचं भात आहे, परसातलं पाणी त्याच उतारावरून विहिरीकडे जातं, मला ते नको वाटतं. पण तणनाशक नको म्हणून बेणणी परत काकूच्या आणि आईच्या गळ्यात मारायची हे पण मला पटत नाही, त्यामुळे आमच्या घरी नियम असा आहे की ज्याला फवारणी नको त्याने स्वतः बेणायचं.

ज्यांना लावणी सोडायचीच नाही त्यांनी निदान चारसूत्री पद्धत तरी बघावी. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, दोरी धरून 15 आणि 25 सेंमी अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचायची. खत वाहून जात नाही, कोकणातल्या पावसात हे फार मोठं आहे, नाहीतर फोकलेला युरिया पहिल्याच सरीला वहाळात. वाकणं यातही राहतंच, पण निदान त्या वाकण्याचं चीज होतं.

आणि कष्ट वाचवणं हे काय आजचं फॅड नाही. आपल्या जुन्या लोकांनी डोंगरातलं पाणी पाटाने आणि पन्हळीने उतारावरून थेट पोफळीच्या बागेत आणलंय, घागरी वाहत बसले नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा घ्या, सारखी धार लावायला नको, ओढायला जोर कमी लागतो. किंमत किरकोळ, पण आमच्याकडे कापणीला अजून जुनेच बोथट कोयते बायकांच्या हातात असतात आणि घरात टिलरचं कर्ज चालू असतं.

"आमच्या आयांनी नाही का केलं?" असं म्हणणारे भेटतात. केलं ना, आणि आता भातलावणीचं नाव काढलं की गुडघ्यावर हात जातो त्यांचा. यंदा नवीन काही घ्यायचं ठरत असेल तर आधी घरातल्या बायकांना विचारा कुठलं काम सगळ्यात नकोसं होतं, आणि पैसे तिथे घाला. एसआरटीचा साचा गावात कोणीही वेल्डर करून देतो.