तुम्ही विचारलंत म्हणून : उमेदवार ठरलेला असताना अधिवेशन कशाला?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की पुण्याचे आप्तेष्ट फोनवर मला हमखास विचारतात, "उमेदवार तर प्रायमरीत, म्हणजे राज्याराज्यांतल्या पक्षांतर्गत मतदानातच ठरतो, मग पक्षाचे एवढे अधिवेशन भरवून ते करतात तरी काय?"

अधिवेशनात जमलेले राज्याराज्यांचे प्रतिनिधी मत देतात. प्रायमरीतून ठरते ते एवढेच, की राज्यातून अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींपैकी किती जण कोणाच्या बाजूचे असतील. प्रत्यक्ष उमेदवारी मिळते ती या प्रतिनिधींच्या निम्म्याहून अधिक मतांनीच. एकालाही बहुमत मिळाले नाही तर पुन्हा फेरी होते, आणि पुढच्या फेऱ्यांत बहुतेक प्रतिनिधी आपल्या मनाप्रमाणे मत द्यायला मोकळे होतात.

१८६० साली शिकागोत रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रायमरी नव्हत्याच. जिंकायला २३३ मते हवी होती. पहिल्या फेरीत न्यूयॉर्कचे सेनेटर सेवर्ड यांना १७३॥ आणि लिंकन यांना १०२ मते पडली; तिसऱ्या फेरीत लिंकन २३१॥ वर पोहोचले. केवळ दीड मत कमी पडत असताना ओहायोचा एक प्रतिनिधी उठला आणि आपल्या राज्याची चार मते लिंकन यांच्याकडे वळवत असल्याचे त्याने जाहीर केले. लिंकन त्या वेळी सभागृहात नव्हे, तर स्प्रिंगफिल्डला आपल्या गावी होते. तो प्रसंग मी कितीदा वाचला असेल, पण त्या चार मतांपाशी आजही थबकतो.

मात्र याच पद्धतीत पुढाऱ्यांची मक्तेदारीही वाढली. १९६८ साली तेव्हाचे उपाध्यक्ष हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. आत अधिवेशन चालू असताना शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस निदर्शकांना झोडपत होते. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि मतदारांचा कौल निर्णायक झाला. हा बदल मला न्याय्य वाटतो, परंतु म्हणून प्रतिनिधींचे मत निव्वळ उपचार ठरले, असे मी मानत नाही.

२१ जुलै २०२४ रोजी बायडन यांनी माघार घेतली तेव्हा प्रायमरी आटोपल्या होत्या आणि नव्याने घेणे शक्य नव्हते. बायडन यांच्या बाजूने निवडून आलेले प्रतिनिधी मोकळे झाले. मतदान ऑनलाइन झाले, ५ ऑगस्टला संपले आणि उमेदवारी हॅरिस यांना मिळाली. शिकागोचे अधिवेशन भरायला तेव्हा दोन आठवडे बाकी होते.