गिलावा

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जाण्याला आमच्या चर्चमध्ये पदयात्रा म्हणतात. मी वारीच म्हणतो. शेजारचे आजोबा पंढरपूरला जायचे आणि निघताना आईच्या हातचं पाणी पिऊन जायचे. तो शब्द त्यांच्याकडून आमच्या घरात आला आणि राहिला.

गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, 3 डिसेंबरला असतो. त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, 24 नोव्हेंबरला सुरू होते. आम्ही बावीस जण 29 तारखेला दुपारी निघालो. अंतर 70 किलोमीटरच्या आसपास. बाकी सगळ्यांच्या पायात चपला किंवा बूट होते, मी अनवाणी होतो. तसा नवस होता. पण तो मनात आला त्याच दिवशी मी चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून मोकळा झालो होतो. देवापाशी बोलायची गोष्ट दोनशे माणसांना आधी कळली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिला मुक्काम बांद्याला. बांद्यातच आमचं वाडवडिलांचं घर आहे, तिथे दादा राहतो. वडील गेल्यावर वाटणीवरून शब्दाला शब्द वाढला आणि त्याने खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या मधोमध चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी भिंत घातली. मीही कमी केलं नाही. त्याच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला गेलो नाही. पोर दारात वाट बघत होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. याला तीन वर्षं झाली.

आम्ही उतरलो होतो तिथून ते घर चालत दहा मिनिटांवर. त्या संध्याकाळी रोझरी, आमची जपमाळ, मी सांगितली. आवाज चांगला लागला होता. येणारेजाणारे थांबून ऐकत होते आणि ते थांबलेत हे मला प्रत्येक मण्याला कळत होतं. रात्री झोप लागेना. एकदा उठून रस्त्यापर्यंत गेलो, आणि परत येऊन चादर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली. हायवेचं डांबर अकरानंतर तापतं. धारगळच्या पुढे टाचांना भेगा पडल्या आणि कोलवाळच्या पुलावर रक्त दिसू लागलं. पोरांनी फोटो काढले. मी नको म्हटलं नाही. मुक्कामाला गटातली एक आजी पिशवीतून भिरंडेलाचा गोळा काढून माझ्यासमोर बसली. कोकमाच्या बियांचं हे तेल थंडीत दगडासारखं घट्ट असतं. तिने तो गोळा दिव्यावर धरून भेगांत पिळला. चटका बसला, मग गार वाटलं. दोन दिवसांत तिला मोठ्याने प्रार्थना म्हणताना मी ऐकलं नव्हतं. ओठ तेवढे हलायचे. म्हणाली, “वाणो घाल रे बाबा. सायबाक तुजे पाय घेवन काय करूचा आसा?”

तरीही मी चपला घातल्या नाहीत. दोनशे जणांना सांगून बसलो होतो ना. त्या नवसात देवाचा वाटा किती उरला होता, हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं.

म्हापशाच्या बाजारात हातभर लांबीची मेणबत्ती घेतली, सायबाच्या पायाशी लावायला. तिसरा मुक्काम पर्वरीला. 2 तारखेला पहाटे मांडवी ओलांडून पणजी आणि रायबंदरच्या मधल्या लांबलचक बांधावर आलो. तो पोर्तुगिजांनी 1630 च्या दशकात बांधला. दोन्ही अंगांना पाणी, अजून अंधार. इथे कोणी बघणारं नव्हतं, आणि माझं मन अगदी कोरडं झालं होतं. एकही शब्द आतून येईना. तरी हात मणी ओढत होता, तोंड सवयीने रोझरी म्हणत होतं. त्या कोरड्या तीन किलोमीटरमध्ये मला धरून ठेवलं ते या सवयीनेच. म्हणून बाहेरचं ते सगळं ढोंग, असं कोणी म्हणालं की मला पटत नाही.

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला पांढरंशुभ्र से कॅथेड्रल आणि समोर बॉम जेझूस बासिलिका, तांबडी, उघड्या चिऱ्यांची. कुमसाराची, म्हणजे फादरपाशी पापं कबूल करण्याची रांग भिंतीच्या कडेने लांबवर गेली होती. दोनेक तास मी त्या भिंतीला टेकून उभा होतो. तळहात उचलला तर तांबडी पूड लागलेली. बासिलिकेचं बांधकाम 1594 मध्ये सुरू झालं, 1605 मध्ये ती अर्पण झाली आणि तेव्हापासून तिला चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो काढायला लावला. इमारत जुनी दिसावी, दगड दिसावा म्हणून. जांभा दगड मऊ, सच्छिद्र. आमच्या कोकणातल्या कुठल्याही गवंड्याने सांगितलं असतं की असा पाऊस पडतो तिथे त्याला अंगावर काहीतरी लागतं. तेव्हापासून भिंती झिजताहेत आणि गिलावा परत करा, अशी मागणी चर्चकडूनच होत आली आहे. उघडं म्हणजे खरं, असं मानून तो काढला, आणि ती उघडी भिंतही मुळात दिसण्यासाठीच होती.

पण चुना म्हटला की मला मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्यायही आठवतो. येशू कर्मठ यहुदी परूश्यांना चुना लावलेल्या कबरी म्हणतो, बाहेरून देखण्या आणि आत हाडं. तोच चुना. चिऱ्यावर असतो तेव्हा चिरा राखतो, हाडांवर असतो तेव्हा हाडं झाकतो. रांगेत मी स्वतःला एवढंच विचारत होतो की माझ्या रोझरीखाली काय आहे. उत्तर ठाऊक होतं. बांद्याचा गडगा होता.

आतल्या सायबाचंही तेच मनात आलं. 1542 च्या मे महिन्यात हा माणूस गोव्यात उतरला. तो इस्पितळात आजाऱ्यांच्या जवळ झोपायचा आणि रस्त्यावर छोटी घंटा वाजवत पोरांना प्रार्थना शिकवायला गोळा करायचा. आज त्याचा देह चांदीच्या पेटीत आहे. खाली टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेलं संगमरवरी स्मारक, 1698 मध्ये बसवलेलं. ती चांदी मला खुपत नाही. गोव्याच्याच कारागिरांनी ती जीव ओतून घडवली आहे. मात्र तिच्यासमोर उभं राहताना घंटेचा आवाज कानात असायला हवा, असं मला फार वाटतं.

कुमसारात मी नवसाचं सांगितलं, फोटोंचं सांगितलं. भावाचं सगळ्यात शेवटी, घाईघाईने, एका वाक्यात. जाळीपलीकडचे फादर वयस्कर असावेत. त्यांनी नवसाबद्दल काही विचारलं नाही. कोकणीत म्हणाले, “भावाचें घर कितलें पयस?” म्हणजे किती लांब.

“बांद्याला,” मी म्हटलं. “येताना वाटेतच लागलं.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पापक्षमा दिली आणि वेदीपाशी दान आणल्यावर भावाची आठवण झाली तर काय करायचं, तो उतारा घरी जाऊन वाच म्हणाले. तो मला पाठ होता: दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. चर्चमध्ये वाचनाला मीच उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी फेस्ताची मिस्सा, मोठी प्रार्थना झाली. सगळे मेणबत्त्या लावायला गेले. मला हाका मारल्या, मी मान हलवली. माझी मेणबत्ती पिशवीतच ठेवली. त्यावर कोणी काही विचारलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलं तर पाहू दे असं मला त्या चार दिवसांत पहिल्यांदाच वाटलं. आजीने स्वतःची मेणबत्ती लावली आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली.

परतीची गाडी बांद्यावरून जाते. मी तिथे उतरलो. पायात पणजीच्या स्टँडवर घेतलेल्या रबरी चपला होत्या.

वहिनीने दार उघडलं. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे. दादा बागेत शिपायला गेलाय, एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कोमट पाण्याची बादली घेऊन आली. मी पायरीवर बसलो. समोर गडगा होता, तीन पावसाळ्यांत त्याच्यावर शेवाळ धरलं होतं. पिशवीतली मेणबत्ती उन्हाने मधोमध वाकली होती. माडांच्या मागून पंपाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.