लाल दिवा लागला की रिसेट दाबू नका

नेट गेलं की बऱ्याच जणांचा हात राउटरमागच्या बारीक भोकाकडे जातो. टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (नेटवाल्याने घातलेला जोडणीचा क्रमांक) सगळं पुसलं जातं. मग बिघाड पाच मिनिटांचा असला तरी नेटवाल्याची वाट बघत बसावं लागतं. बंद करून चालू करायला हरकत नाही, रिसेट मात्र नको. आधी दिवे बघा.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, दिवा लाल लुकलुकत असेल तर घरापर्यंत पुरेसा प्रकाशच येत नाही. अशा वेळी मोबाइलच्या सेटिंगमध्ये शिरण्यात अर्थ नाही. दारापासून खांबापर्यंत वायर बघत जा. आपल्याकडे कारखाने सुरू झाले की उसाने वरपर्यंत भरलेली ट्रॉली खाली आलेली वायर ओढून नेते. नळाच्या पाइपासाठी जेसीबी लागला असेल तर तेही कारण असतं, आणि वानरं वायरीला लोंबकळतात ते वेगळंच.

बाहेर सगळं ठीक दिसलं तर घरातली पिवळी वायर तपासा. कपाटामागे ती दाबली गेली की आतली काच तुटली नाही तरी तीव्र वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. वळण बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नका. हिरवं टोक ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत बसवा. त्याच्या तोंडाला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणाही सिग्नल पाडतो. आणि टोकात डोकावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

नेट येतं-जातं असेल तर खरी गोष्ट आकड्यात कळते. बऱ्याच डब्यांचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकल्यावर उघडतं. तिथे ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो तो आकडा, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम म्हणजे ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर जोडणी काठावर आहे, कधीही तुटेल. हा आकडा लिहून नेटवाल्याला पाठवा, म्हणजे तो ‘राउटर बदला’ म्हणून मोकळा होणार नाही.

डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर अ‍ॅडॅप्टर धरा. लाईटच्या ये-जा आणि उन्हाळ्याच्या तापाने तो थकतो. मल्टिमीटरवर मोकळा असताना १२ व्होल्ट दाखवतो, भार पडला की खाली येतो. म्हणून डबा जोडलेला असतानाच मोजा. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. इन्व्हर्टर असूनही लाईटबरोबर नेट जात असेल तर गल्लीतल्या पेटीत घरोघरी नेट वाटणारा, विजेवर चालणारा स्विच असण्याची शक्यता मोठी. बॅकअप तिथे हवा.

दिवे हिरवे, पण मोबाइलवर रडतंय? लॅपटॉप लॅनच्या वायरीने जोडा. वायरीवर नीट चाललं तर दोष वाय-फायचा. माळवदाच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पलीकडे जवळजवळ जातच नाही, तिथे २.४ वापरा आणि चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. उन्हाळ्यात एक गोष्ट हटकून विसरली जाते: खिडकीतला पत्र्याचा कूलर. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं. राउटर आणि तुमची बसायची जागा यांच्यामध्ये तो येत असेल तर राउटर दोन हात बाजूला, छातीएवढ्या उंचीवर टांगा.